पावणेपाच मिलिमीटर

सहा भोकं आहेत, वेंडल म्हणाला,
माझ्याही गाडीला सहाच आहेत.
मी म्हटलं, थांब. आधी टेप आणते.

मोंटॅनात मार्च महिन्यात लोखंड हाताला चावतं,
आणि कॅनडातून निघालेल्या वाऱ्याला
इथवर एक झाड आडवं येत नाही.
माझ्या यार्डात चारशे तरी चाकं असतील,
पाच भोकांची, सहाची, आठाची.
गवत त्यांच्या मधल्या भोकातून वर येतं,
माप न विचारता.

वेंडल ब्रूस्टाडने चार आणली होती,
काळी, वीस इंची, एकीच्या कडेला ओरखडा.
नॉरिसची.
नॉरिस फोर्डवाला, वेंडल शेवरलेवाला.
आमच्या गावात एवढं सांगितलं की कुळाचार सांगून होतो.
सात वर्षं दोघे भाऊ बोलत नव्हते, आईच्या पियानोवरून,
जो दोघांपैकी कुणालाच वाजवता येत नाही.
फेब्रुवारीत नॉरिस धान्याच्या वजनकाट्यावर
इंजिन चालू, रेडिओ चालू,
बसल्या बसल्या गेला.
ट्रक जावयाने नेला. जावयाला कंपनीचीच चाकं पसंत,
म्हणून ही चार वेंडलच्या अंगणात,
आणि कॉफीच्या डब्यात नट.

जॅक लावला. पुढचं डावं चाक उतरवलं.
साठीचा वेंडल नॉरिसचं चाक
मांडीच्या टेकूवर उचलून हबपाशी आला.
मधलं भोक ऐसपैस, हब सहज आत गेला.
एक स्टड शिरला.
दुसरा, जरा हलवून.
तिसरा धातूच्या काठाला येऊन थांबला.

फिरवून बघतो, तो म्हणाला.
सहा वेळा फिरवलं.

मग मी टेप धरली.
सहा भोकांचं माप सोपं,
समोरासमोरची दोन, मध्यापासून मध्यापर्यंत.
(पाचाला समोर कुणीच नसतं,
तिथे हिशेब तिरका जातो.)
शेवरले साडेपाच इंच.
फोर्ड एकशे पस्तीस मिलिमीटर.
फरक पावणेपाचही भरत नाही,
आणि तो दोन्ही बाजूंना वाटला
की एकेक स्टड आपल्या भोकाला
गव्हाच्या दाण्याने चुकतो.

ठोकून बसेल?
बसवणारे बसवतात. साठ मैलांवर स्टड तुटतो
आणि तुझंच चाक तुझ्या पुढे पळत
कुणाच्या तरी शेतात शिरतं.
अ‍ॅडॅप्टर मिळतो, चारांचे दोनशे डॉलर,
पण चाक सव्वा इंच बाहेर येईल,
वळताना मडगार्डला घासेल.
तेव्हा वेंडल पहिल्यांदा हसला.
नॉरिस असाच, म्हणाला, कायम अंगाबाहेर.
आणि नको म्हणाला.

मी डबा फळीवर उपडा केला.
भरीव काळे नट, शंकूच्या बुडाचे.
काही मनात नव्हतं, हाताला चाळा हवा होता,
एक घेऊन त्याच्या स्टडवर ठेवला.
बोटांनी फिरत गेला, पार मुळापर्यंत.
चौदाचा स्टड, दीडचा पेच.
दोन्ही कारखान्यांचं एवढं एक जमलेलं,
आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

वेंडलची जुनीच चाकं परत चढवली,
नॉरिसच्या नटांनी.
चांदणीच्या क्रमाने आवळत गेले,
एक, मग समोरचा, मग तिसराच कुठला तरी,
एकशेचाळीसला पाना टिचकी देतो.
तेवीस झाले.
चोविसावा डब्यात नव्हता.
वेंडलने तळ बोटाने खरवडला,
नखात कॉफी आली.
तिथे त्याचा स्वतःचा, चकचकीत, बसवला.

पन्नास मैलांनी येऊन पुन्हा आवळून घे, मी म्हटलं,
नट आधी बसतात, मग थोडे सैलावतात.
पैसे काढताना त्याचे हात काळे होते,
नोटांवर अंगठा उमटला.
चार चाकं इथेच राहिली.
विक म्हणाला नाही, विकू नकोस असंही नाही.

मागचं उजवं चाक फाटकातून बाहेर पडताना
पाच काळे, एक पांढरा,
पाच काळे, एक पांढरा,
हायवेच्या चढापर्यंत मोजता येत होते.