पासंग

कासामाच्या पुढे डांबर संपतं,
तिथून आणखी साठ किलोमीटर आत
मुसोंगा डेपोचा काटा माझ्या ताब्यात होता.
मिशनवाल्यांनी टाकून दिलेला, दोन पारड्यांचा.
दक्षिणेकडचं पारडं बोटभर जड.
म्हणून ओढ्यातला एक काळा गोटा
मी उत्तरेकडच्या पारड्याखाली तारेने बांधला.
इन्स्पेक्टरने तो पाहिला, वाकून हात लावला,
आणि सामानाच्या वहीत लिहिलं:
पासंग, नग एक.

त्या वर्षांत रेडिओ भाव सांगायचा
आणि तो देशभर एकच असायचा.
लुसाकाच्या वेशीवरचं मक्याचं पोतं
आणि आमचं, नऊशे किलोमीटर मागचं पोतं,
एका पैशाचाही फरक नाही.
बाना कासोंदेने मला विचारलं होतं,
"मग ट्रकचं डिझेल कोण पितं?"
"सरकार," मी म्हणालो.
"आणि त्याला बाधत नाही?"
मी पुढचं पोतं चढवलं.

तिने नाचणी सोडली.
फांद्या तोडून, जाळून, राखेत पेरायची सासूची रीत सोडली.
खताची पिशवी डोक्यावरून आणली,
मका ओळीत लावला, शाळेतल्या मुलांसारखा.
सासू एवढंच म्हणाली,
मक्याची बिअर लवकर आंबते, लवकर विटते.

सुगीचे दिवस होते असं मी म्हणणार नाही.
पैशांऐवजी मी चिठ्ठ्या फाडायचो.
जूनमध्ये घातलेल्या पोत्याचे क्वाचा
डिसेंबरात यायचे, पेरणी उरकल्यावर,
आणि तोवर साबणाची वडी
दोन वड्यांच्या किमतीला गेलेली असायची.
तरीही ट्रक यायचा.
चिखलात रुतायचा, शिव्या खायचा,
पण यायचा.

मग एका मे महिन्यात
पांढऱ्या शर्टातला एक तरुण आला,
आंब्याखाली खुर्ची मांडून म्हणाला,
"आता बाजार मोकळा झाला."
बाना कासोंदे मागून म्हणाली,
"बांधला कुणी होता?"
बायका हसल्या. तोही हसला,
आणि अंधार पडायच्या आत निघून गेला.

त्या वर्षी पावसाने
ताडपत्रीखालची चारशे बारा पोती मोजली.
मीही मोजली. आकडा जुळला.
खालच्या थरातल्या मक्याला कोंब फुटले होते,
पोत्याच्या विणीतून बाहेर आलेले,
हिरवे, ताठ,
ट्रकची वाट बघत असल्यासारखे.

पुढच्या वर्षी सायकलवरून व्यापारी आले,
नाकोंदेच्या सीमेकडून, रात्रीचे.
त्यांच्याकडे काटा नव्हता, पत्र्याची बादली होती,
बूड आतून ठोकून बाहेर काढलेली.
बादली भरता भरत नव्हती.
मापात पाप, हे तर शेंबडं पोरही ओळखेल,
पण नोटा हातात पडत होत्या, त्याच रात्री,
आणि मी माझ्या काट्याशेजारी
चिठ्ठ्यांचं कोरं पुस्तक घेऊन बसलेला.

मला उशिरा कळलं.
अंतर कुठे गेलं नव्हतं.
इतकी वर्षं कुणीतरी आमच्या पारड्याखाली
नऊशे किलोमीटरचा गोटा बांधून ठेवला होता,
आणि आम्ही समजत होतो
काटा मुळातच सरळ आहे.
तार कुणी कापली
ते बघायला आम्ही जागे नव्हतो.

परवा बाना कासोंदे पक्कड घेऊन आली.
तिने पुन्हा नाचणी लावलीय.
न विचारता पारड्याखाली वाकली,
गोटा सोडवला, पदराच्या टोकाने पुसला,
"झाकण उडतं मडक्याचं," म्हणाली, "आंबताना."

तेव्हापासून काटा कलला आहे,
दक्षिणेकडे.
मी तो सरळ केलेला नाही.
वही अजून माझ्याकडे आहे.
तपासायला कुणी आलंच तर सांगेन,
पासंग, नग एक,
सध्या नाचणीच्या मडक्यावर.
मडकं भरलेलं आहे.
बसा. घोटभर घेऊन जा.
भाव मात्र तिला विचारा.