कारण न देता

रत्नागिरीत, उपकेंद्राच्या वरच्या मजल्यावर
दोन दिवसांचं सक्तीचं प्रशिक्षण.
सह्या खाली करायच्या, येताना आणि जाताना.
मधल्या वेळात कुणी तपासत नव्हतं.
प्रोजेक्टर बंद पडला तरी नेरूरकर मॅडम थांबल्या नाहीत,
त्यांना सगळं पाठ होतं :
माहिती, आकलन, स्वेच्छा.
शेवटी पंचवीस प्रश्न.
चौदावा : असुरक्षित गट कोणते?
मागच्या बाकावरून उमरोटकर कुजबुजला,
जिथे ‘वरील सर्व’ असेल तिथे तेच.
मला ब्याण्णव टक्के.
प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.
कवितेला चालतं की नाही, त्यावर लिहिलेलं नाही.

मग मी खाडीवर गेले.
कुठली खाडी, ते सांगणार नाही.
खारफुटी आहे, सुकतीला कालवांचे खडक उघडे पडतात,
आणि एक साकव, एका बाजूचा कठडा गेलेला.
एवढ्यावरून सापडेल तुम्हाला.
कठडा खोडते.

विषय : समुद्रावर गेलेले, न परतलेले,
कागदावर अजून न मेलेले पुरुष.
त्यांच्या घरच्या बायका.
नमुना संख्या तीस.
ती सातवी.

संमतीपत्र तिने मला मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा.
वाचत होते तोवर तिची कोयती चालूच, टक टक, खडकावर.
पाचवा मुद्दा : सहभागी व्यक्ती केव्हाही,
कारण न देता, माघार घेऊ शकते.
कोयती थांबली.
“कारान न देता?”
कारण न देता.
“आणि कोण काय बोलाचा नाय?”
कुणी काही बोलणार नाही.
“बरा आसा,” ती म्हणाली.
“आमच्याकडे असो कोण गेलो तर
सा म्हयने पोलीस इचारत रवतत.”

अंगठा नीट उठेना.
कालवांनी रेषाच ठेवल्या नव्हत्या.
तीनदा टेकवल्यावर तिने पेन मागितलं
आणि झोकात सही केली, आडनावासकट.
सातवी पास होती.
अंगठा तिने मला बरं वाटावं म्हणून दिला होता.

दोन सुकत्या ती बोलली.
रेकॉर्डर टोपलीच्या काठावर,
मागे कावळे, मधेच कुणाच्या तरी होडीचं इंजिन.
एका ठिकाणी मी तो बंद करायला हात पुढे केला.
तिने ओल्या हाताने माझा हात बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लॉजवर आली,
स्टीलच्या डब्यात सोललेली कालवं घेऊन.
“माका माघार घेवची आसा.”
मी तोंड उघडलं.
पाचवा मुद्दा आठवला.
मिटलं.

तिच्यादेखत फाइल पुसली.
कागद फाडून दिला, तिने तुकडे पदराला बांधले.
“झाला?”
झालं.
“आणि तुझ्या डोक्यातला?”

पंचवीस प्रश्नांत हा नव्हता.

मॅडम फोनवर म्हणाल्या, एकोणतीस लिही,
कारणाचा रकाना रिकामा सोड.
सोडला.
पण दुसऱ्या सुकतीला, त्या इंजिनाच्या आवाजाआडून
ती एक वाक्य बोलली होती, चार शब्दांचं.
मी ते नवऱ्याला सांगितलेलं नाही.
अहवालात नाही.
रात्री भांडी घासताना कधी आपोआप ओठांवर येतं,
मग नळ मोठा सोडते.

इथे एक ओळ होती.

कालवं मी खाल्ली.
सहभागींकडून भेट घ्यायची नाही, हेही शिकवलं होतं,
बरोबर उत्तर ‘ब’.
लॉजवाल्या बाईंनी कांद्यावर परतली, वर दोन कोकमं.
संध्याकाळी डबा परत करायला गेले
तर पाणी भरलेलं, खडक कुठे ते कळेना.
ती पलीकडच्या काठाला जाळं झाडत होती.
बघितलं तिने.
ओळख दाखवली नाही.
मी डबा पायरीवर ठेवला,
पाऊस आलाच तर साचू नये म्हणून उपडा.