अस्तर

दहीपुलाच्या उतारावर माझं दुकान, साडेचार फूट रुंद.
विस्तवानं जळालेलं, उंदरानं कुरतडलेलं,
खिळ्याला अडकून फाटलेलं, सगळं येतं.
परवा खैरनारांची अनुजा एक काळा झगा घेऊन आली.
म्हणाली, जपानी आहे. पप्पांचा.

बाहेरून काहीच नाही. जाड काळं रेशीम,
वकिलाच्या डगल्यासारखं.
उलटलं, तर आत अस्तरभर धबधबा
आणि त्याच्या तोंडावर
शेपूट वळवून वर निघालेला एक तांबडा मासा.

कोई म्हणतात याला, ती सांगत होती.
धबधबा चढून गेला की त्याचा ड्रॅगन होतो.
तिकडे मुलांसाठी कापडी मासे काठीला बांधतात,
वाऱ्यात पोहायला.
मी म्हटलं, आपल्याकडे चढणीचा मासा
दुपारी सापडतो, रात्री कालवणात असतो.
ती हसली. बापासारखंच, अर्धं.

दौलत खैरनार माझं गिऱ्हाईक.
सातपूरच्या कंपनीनं सहा महिने जपानला धाडलं होतं,
परत आले, दोन वर्षांत गेटाला टाळं.
मग शालिमारला पट्टे-पाकिटांची गाडी.
पँटी कंबरेत आत घ्यायला आणायचे,
दरवर्षी इंचभर.
हा झगा काही कधी आणला नाही.

"मासा बाहेर घ्या," अनुजा म्हणाली,
"उलटा करून शिवा. मला घालायचाय.
पप्पांनी नुसता दडवून ठेवला."

मी भिंग लावलं.
फाटलं होतं ते माशाच्या वर, वीतभर पाण्यात.
मासा शाबूत.
आणि दोन्ही काखांत
पांढुरक्या, खारट कडा. एकावर एक, चार-पाच.
घामाच्या.

म्हणजे घालत होते.
दार लावून, मासा पाठीला लावून,
घालत होते.

मी बोट ठेवून दाखवलं.
ती वाकली, कडेवर नख फिरवलं,
मग नाक जवळ नेलं,
आणि सरळ पायऱ्या उतरून गेली. पावतीही नेली नाही.

पुराचं पाणी आम्ही दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो,
गुडघा, कंबर, छाती.
काल झगा खुंटीला टांगून पाहिलं :
मासा खांद्यापर्यंत पोचलाय.

माशाचं रफू सोपं, खवल्याला कड असते.
पाण्याला धरायला काही नसतं.
पांढऱ्याच्या सात छटा लागल्या, दोन रात्री लागल्या.

उलटा की सुलटा, तिनं अजून कळवलं नाही.
मी पाणी तेवढं भरून ठेवलंय.