चौथा ठोका

अशोक चौकातून आत, पिठाच्या गिरणीला लागून
माझं गॅरेज. पत्र्याखाली एप्रिलमध्ये
पाना नुसत्या हातात धरवत नाही,
फडक्यात गुंडाळावा लागतो.

बोनेट उघडण्याआधी मी डोळे मिटतो.
नायनाची सवय. माझे वडील,
चोवीस लूमच्या शेडमध्ये स्टुलावर पेंगायचे
आणि मधेच म्हणायचे,
सतरा नंबरचा धोटा घासतोय.
घासतच असायचा.

मी चारावर वाढलो.
एक, तीन, चार, दोन.
बायको म्हणते, हे तुम्हाला पाढ्यांआधी पाठ,
आणि पाढे अजून नाहीत.
ट्यूनिंग झालं की इंजिनावर रुपया उभा करायचा, कडेवर.
उभा राहिला तर बिल.
पडला तर परत पाना.
मार्कंडेय महाराजांच्या रथापुढे लेझीम खेळताना
गुडघेसुद्धा चारच मोजतात.

करजगींची अक्षता, जुळे सोलापूरची, दातांची डॉक्टर,
तिची जुनी लाल गाडी नऊ वर्षं माझ्या हाताखाली होती.
सोळाशे सीसी, चार सिलिंडर,
सहा हजार फेऱ्यांवर अशी गायची
की गिरणीवाला येमूल दळण सोडून बाहेर यायचा.
काल ती नवी घेऊन आली.
तसलीच बुटकी, रुंद चाकांची, मागे दोन नळकांडी.
बोनेट वर केलं. निम्मी जागा रिकामी.
मी म्हटलं, बाकीचं कुठाय?
काका, एवढंच. तीन. पण टर्बो.

रुपया ठेवला. पडला.
परत ठेवला. पडला.
तिसऱ्यांदा घरंगळून रॅम्पखाली गेला.
डॅशबोर्डवरचे सिद्धेश्वर महाराज
होय होय म्हणत मान हलवत होते.
ती हसली. दात सगळे जागच्या जागी.
चला, तुळजापूरच्या घाटात.

खोटं कशाला बोलू,
दोन हजारांच्या आतच पाठीवर हात पडला,
मागून कुणी ढकलावं तसा.
उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या,
ती तिसऱ्या गिअरमध्ये शेजारून निघाली
आणि मी पाय आखडून बसलो.
बारीक शीळ घालत एवढंसं चक्र
मिनिटाला लाखावर फेरे घेत होतं,
धुराच्याच जोरावर, जो आम्ही फुकट सोडत आलो.
आवाज मात्र घोगरा. घसा बसलेल्या माणसानं
मनापासून गावं तसा.
तिच्या नकळत मी बोटानं दारावर
चौथा ठोका देत होतो. तो कुठेच बसत नव्हता.

लूम किलोवर गेले त्या वर्षी
मालकानं रेपिअर आणले. बिनधोट्याचे.
नायनाला बघायला नेलं होतं.
बराच वेळ उभे राहिले, मग टॉवेल हातात घेतला,
अंगठ्यानं काठ चाचपला.
काठ सुटा आहे, म्हणाले.
थोड्या वेळानं: पन्हा बरोबर आहे.
घरी येईपर्यंत एवढंच बोलले.
रात्री खाटेवर त्यांचा उजवा हात
झोपेत हिसडे देत होता. धोटा फेकत होता.

परत आलो. मी म्हटलं, लगेच बंद करू नका,
अर्धा मिनिट थांबा, तापलाय तो.
जुबेर, माझा पोरगा हाताखालचा, एकोणीस वर्षांचा,
गाडीजवळ उकिडवा बसला, डोळे मिटून.
मी न सांगता.
काय ऐकतोस बे?
बरोबर चाललीय की उस्ताद.
एक ठोका कमी आहे, कळतंय का?
त्यानं परत कान लावला. बराच वेळ.
शेजारी गिरणीचा पट्टा
जोडावर येऊन थप्प थप्प वाजत होता.
कुठं कमी आहे, म्हणाला.

अक्षता गेली. जॉबकार्डावर लिहिलं:
तेल पातळ, कंपनीचंच घालणे.
माउंटिंग दर सर्व्हिसला बघणे.
आवाजाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

जुबेर अजून रॅम्पखाली आहे, बॅटरी तोंडात धरून.
रुपया सापडत नाहीये.