वार

तराजूवर वार ठेवली, पहाटे चार दहाला.
तीनशे चाळीस ग्रॅम.
पुन्हा ठेवली. तेवढीच.
दिवस भरलेल्या पोरीची वार
आणि एवढीशी, कडेनं निबर,
तव्याच्या काठाला आखडलेल्या भाकरीसारखी.

क्लॉडेट झोपलीय. फॉर्म तिनं आधीच भरलाय:
गरोदरपणात दारू? कळल्यापासून थेंब नाही.
खरं आहे. रॉबर्टसनच्या या दवाखान्यात
मी पुष्कळ खोटं ऐकलंय, हे तसलं नाही.

पण कळलं मार्चअखेर,
वेलींवर नुसती पानं उरली तेव्हा.
रुजलं होतं त्याआधी महिनाभर,
खुडणीच्या शेवटच्या ट्रॅक्टरवर चढून
सगळा मळा गात घरी आला,
चांदीच्या पिशवीतली वाइन
हातोहात फिरली, त्या रात्री.

तेव्हा ही पोर कुणीच नव्हती.
टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पुंजका,
कुठंच न टेकलेला,
आणि त्यात वाटण्या चाललेल्या:
आतल्यांनी बाळ व्हायचं,
बाहेरच्यांनी वार.
बाहेरच्यांना दार नसतं
लावून घ्यायला.

वार शनिवार होता.
वार तीनशे चाळीस ग्रॅम भरली.
वार कुणी केला, असा रकाना फॉर्मवर नाही.

आणि एका वजनावरून काय ठरतं?
सिगारेट असेल, उपास असतील, रक्तदाब,
डॉक्टर हेच म्हणतील. बरोबरच म्हणतील.

बाहेर बाकावर रेजिनाल्ड.
हातांना गंधकाच्या फवारणीचा वास.
त्याच्या आजोबाला मजुरीत टमरेल मिळायचं,
सकाळी पाचला पहिलं, न मागता.
त्याला विचारलं, तू किती घ्यायचास,
त्या उन्हाळ्यात?
तो टोपी काढून बघत राहिला.
"मी? पोट तर तिचं होतं."
सांगितलं, बाप होण्याची तयारीही
अंगात अडीच महिने चालते, गुपचूप.
त्यातही काय काय मिसळत असेल.

तो बोटांवर उलटं मोजू लागला.
फेब्रुवारी. जानेवारी. नाताळ.
नाताळपाशी बोट थांबलं.

मग उठला, नळाशी गेला,
कोपरापर्यंत हात धूत राहिला.
आत पोर रडली, बारीक,
दोन किलो शंभरची.
"घेऊ का?" म्हणाला.
अजून वास होता. तरी म्हटलं, घे.