विमानतळापर्यंत

बावीस वर्षं मी ह्या पोरींना घेऊन गेलो
चार तासांच्या आतल्या गावांना.
सहा कॉलेजं, सहा जिम,
आणि मधे नॉर्थ डकोटाची सपाटी,
जिथे समोरून येणारा ट्रक
दिसल्यापासून शेजारून जाईपर्यंत
रेडिओवरचं एक अख्खं गाणं संपतं.

मला खेळातलं फार कळत नाही.
पण एल्म्सफोर्डच्या कोर्टावर, डाव्या कोपऱ्यात,
एक फळी मेलेली आहे.
चेंडू तिथे उसळत नाही, बसतो.
आमची प्रत्येक नवी पोर पहिल्या वर्षी तिथे फसली
आणि दुसऱ्या वर्षी
समोरचीला बरोब्बर तिथे रेटत नेऊ लागली.

सेंट ओलिव्हाचा तो म्हातारा,
पहिली रांग, शिंगांची टोपी.
चाळीस मिनिटं आमचा उद्धार करायचा,
मग बसपाशी यायचा, हातात गाजराचा केक.
"जिंकलात ना? गिळा आता."
हरलो तरी केक असायचाच.
वाक्यसुद्धा तेच.

एप्रिलमध्ये कुणीतरी कुठेतरी सही केली.
नवी कॉन्फरन्स. टीव्हीचे पैसे.
आता आमचे शेजारी समुद्राकाठी राहतात.
जर्सीच्या खांद्यावर नवा बिल्ला आला,
डोरीनने हातानेच शिवला,
कडेला जुन्या टाक्यांची भोकं दिसतात
जवळून पाहिलं तर.

माझं काम आता अकरा मैलांचं.
पहाटेचे चार, उणे सव्वीस,
विमानतळापर्यंत.
पोरी सवयीने उशा घेऊन चढतात.
उशी मानेखाली नीट बसायच्या आत
उतरायचं येतं.

पहिला सामना एक्केचाळीस गुणांनी गेला.
मी उभ्या बसमध्ये फोनवर पाहिला.
कॅसिडी ग्रे-ईगल, इथली सगळ्यांत उंच,
तिकडे मधली झाली.
परत आली तेव्हा स्कोअरबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाली, "ऑर्विल, जिमच्या दाराशी संत्र्याची झाडं होती.
संत्री लागलेली.
कुणी तोडतच नाही."

कोच वाइल्डर्मथना पूर्वी कागद लागायचा नाही.
समोरच्या संघातल्या पोरीच काय,
त्यांच्या थोरल्या बहिणीही त्यांना ठाऊक,
कुणाचा गुडघा कुठल्या साली गेला तेही.
आता त्यांच्या खिडकीत रात्री दोनला
लॅपटॉपचा निळा उजेड.
नऊ सामने. नऊ हारी.
मारित मला विचारते,
"आपण वाईट झालो, की आधीपासूनच होतो?"
मी वायपर लावले.
बर्फ पडत नव्हतं तरी.

मग जानेवारीत ते आले, संत्र्यांच्या गावचे.
आमचा विमानतळ वादळाने बंद,
त्यांचं विमान उतरलं फार्गोला.
कोच म्हणाल्या, आणशील?

चार तास.
पातळ जॅकेटातल्या चौदा पोरी,
खिडकीला नाक लावून, गप्प.
शेवटी एकीने, तिचं नाव सोलेदाद, पुढे येऊन विचारलं,
"इथे काही आहे का?"
मी म्हटलं, "थांब."
तिला वाटलं मी गाडी थांबवतोय.
मला म्हणायचं होतं, थोडी वाट बघ.

आमची उत्तरेकडची रिंग बोटभर खाली झुकलेली आहे.
ते मी सांगितलं नाही.
बावीस वर्षांचं मीठ खाल्लंय.

सहाने हरलो.
फक्त सहाने. शेवटच्या मिनिटाला दोनच होते,
आणि मारित पडली, उठली, पुन्हा पडली,
आणि लोक उभे राहिले तसे
मी ह्या जिममध्ये बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

रात्री त्यांना परत न्यायचं होतं.
निघण्याआधी पंपावर गेलो.
गाजराचा केक मिळाला, प्लास्टिकच्या डब्यातला,
तारीख उद्याची.
सोलेदादच्या हातात दिला.
"जिंकलात ना?" मी म्हटलं. "गिळा आता."

तिला कळेना, हसावं की घाबरावं.
काटे मागायचे राहिले होते.
जेम्सटाउन येईपर्यंत
त्यांनी तो बोटांनी संपवला.