उजवा कान

त्बिलिसीच्या एलियावा बाजारात, जानेवारीत,
त्सियालाबाईंनी सकाळीच गाडी आणून लावली.
जुनी ओपेल, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर,
एका दाराला भलत्याच गाडीचा रंग.
म्हणाल्या, पलीकडच्या गल्लीत सांगितलं,
कनेक्टिंग रॉड वाजतोय, इंजिन उघडावं लागेल.
तीन हजार लारी.
गाडी विकली तर येतील साडेतीन.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मी म्हटलं, बंद करा. गार होऊ दे.
गरम इंजिन खोटं बोलत नाही,
पण अर्धंच सांगतं.

दोन तास बॉनेट उघडं.
चहा झाला. डिपस्टिकवरचं तेल मी चिमटीत चोळलं,
उन्हात धरलं. चंदेरी कण नाहीत.
झाकणाखाली साय नाही, म्हणजे तेलात पाणी नाही.
बाई सुईण आहेत, रुस्तावीच्या इस्पितळात.
हसून म्हणाल्या, मीही पोटाला कान लावूनच पोट भरते.

मग एतेरीनं चावी फिरवली.

सांग, काय ऐकू येतं?
मी तिला नेहमी विचारतो.
लोकांना वाटतं, म्हातारा शिकवतोय.

टकटक, म्हणाली.
टकटक की ठकठक?
ठकठक खालून येते,
तळघरात कोंडलेल्या माणसानं दार वाजवावं तशी,
इंजिन तापलं की वाढते,
आणि तिचा आकडा सांगताना मी जमिनीकडे बघतो.
टिकटिक वरची, व्हॉल्व्हच्या झाकणाखालची,
शिलाई मशीनसारखी.
तिचं कधी कधी नुसत्या नव्या तेलावर भागतं.

एतेरीनं लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी,
डोळे मिटले.
ही मधलीच आहे, म्हणाली.
आणि शेवटी फुस्स आहे.
टक-फुस्स, टक-फुस्स.

ते फुस्स मला आलं नाही.

मी मान डोलावली.
मग? आता?
कमी होतंय. अजून कमी.
सात मिनिटांनी म्हणाली, गेलं.

तापल्यावर लोखंड फुगतं, फट बुजते.
रॉड असता तर आत्ता बोंबलत असता.
मॅनिफोल्डपाशी बॅटरी मारली,
दुसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी काजळी,
काळी, जिभेएवढी.
धूर बाहेर पडत होता, बस्स.

आकडा मी स्वतः सांगितला.
गास्केट पस्तीस लारी. मजुरी नव्वद.
स्टड गंजलेत, एखादा तुटेल,
तुटला तर साठ वर.
हे आत्ताच सांगतो,
मागाहून सांगितलं की ते निमित्त वाटतं.

एक तुटला.
बाईंनी एकशे पंच्याऐंशी मोजले, पाकिटातून,
मग कोटाच्या आतल्या खिशातून,
आणि शेवटचे पाच नाण्यांत.

मागच्या महिन्यात माझ्याही डाव्या कानात
डॉक्टरनं बॅटरी मारली.
पडद्याआड काहीतरी झिजलंय, म्हणाला, मिळत नाही ते.
मशीन घ्या. दोन हजार दोनशे.
मी हिशेब केला, सवयीनं:
मॉडेल एकोणसाठचं, मालक एकच,
चाळीस वर्षं ग्राइंडरच्या बाजूला उभं,
पुढे किती चालेल कुणी लिहून देईना.
अशा गाडीवर मी गिऱ्हाइकाला
खर्च करू दिला नसता.
डॉक्टर म्हणाला, विचार करा.
मी म्हटलं, करतो,
आणि पायऱ्या उतरताना
मागून त्यानं आणखी काही सांगितलं असेल तर
मला ठाऊक नाही.

संध्याकाळी एक टॅक्सी आली. निळा धूर.
टॅक्सीवाला कर्जात, तोंडानं पट्टा चालू.
एतेरी हात पुसत आली,
माझ्या डावीकडे रिकामी जागा होती,
पाना तिथेच पडला होता,
तरी वळसा घालून उजवीकडे उभी राहिली.
आणि मी विचारायच्या आत
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाली,
नुगझारकाका, ही खालून आहे.
ठकठक.

मी जमिनीकडे बघितलं.